त्या दगडावर काच आहे

धामणगाव बढे
रविवार, ८ मार्च २०२६

ताई, जय भीम.

मागच्या पत्रात एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की लुंबिनीला मायादेवी मंदिरात, भगवान बुद्धांच्या जन्माची खूण म्हणून जो दगड आहे, त्याला मी हात लावला. ते तसं नाही. त्या दगडावर जाड काच आहे. कोणालाच हात लावता येत नाही. तिथे ‘काचेला हात लावला’ असं वाचावं.

एवढ्यासाठी वेगळं पत्र कशाला, असं रवी म्हणाले. पण माझ्या हातून चुकीचं काही लिहिलं गेलं की मला चैन पडत नाही. ग्रामपंचायतीत दाखले टाइप करताना एकदा एका माणसाच्या वडिलांचं नाव चुकलं, तर मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन दाखला परत घेऊन आले. तो माणूस म्हणाला, बाई, मी तर वाचूनबी पाह्यला नव्हता.

ही चूक जनकामावशींनी दाखवली. आई विहारात बायांना सांगत होत्या की सुनेने दगडाला हात लावला. मावशीही आमच्याच बसमध्ये होत्या. त्या म्हणाल्या, “हात कसा लागंन वं? काच हाय तिथं.” आई म्हणाल्या, “माह्या सुनेनं लावला म्हनते तं लावला.” मी तिथेच होते. घरी आल्यावर मी आईंना म्हटलं, हो, काचच होती. गर्दीत माझ्या नीट लक्षात राहिलं नसेल.

तुम्ही फोन उचलत नाही याचा मला राग नाही. आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, “माझ्या आईची लुंबिनी तू पाहून आलीस, मंजुश्री,” आणि फोन ठेवला. मी आईंच्या सोबतीला म्हणून गेले होते. तुम्हाला पुण्याच्या हॉस्पिटलातून सुटी नव्हती, रवींना वीज कंपनीच्या लाइनवरून नव्हती, म्हणून मी गेले. आणि आई सात महिन्यांच्या संघर्षला घेऊन सीमेच्या अलीकडे बसल्या, मी पलीकडे गेले. जे झालं ते झालं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही आधीच म्हणाला होता, तान्हं लेकरू घेऊन कोणी परदेशात जातं का. आईंना परदेश शब्दाचं हसू आलं होतं. “आपल्या बुद्धाचं जनमठिकाण परदेश कसं होईन वं?” पण नेपाळ परदेशच आहे, आणि अंगावर पिणारं लेकरू सोबत असलं की मोताळ्याच्या पुढचं सगळंच परदेश होतं, हे मला पहिल्याच रात्री कळलं.

बसमध्ये आम्ही सेहेचाळीस माणसं आणि संघर्ष. प्रेमानंद सर दरवर्षी ही सहल काढतात, त्यांना अनुभव आहे, त्यांनी आम्हाला मधली सीट दिली. तिथे हादरे कमी बसतात. आईंनी आपलं पांढरं लुगडं सामानाच्या दोन्ही दांड्यांना बांधून झोळी केली. ती नेमकी जायच्या वाटेत आली. चहाला उतरायचं तरी प्रत्येकाला वाकून जावं लागायचं. पुढच्या सीटवरचे उत्तमराव म्हणाले, “सर, हे बस हाय का पाळणाघर?” आई म्हणाल्या, “वाका जरा, उत्तमराव. वंदनेले चालले ना? आतापासून सवय होईन.” सगळी बस हसली. बोधगया येईपर्यंत उत्तमरावच हात मागे टाकून झोळीला झोके देत होते, आणि झोके देता देता स्वतः घोरत होते.

पाणी उकळून थर्मासमध्ये ठेवायचं. ते संपलं की मी ढाब्यावर भांड्याजवळ उभी राहायची, नीट उकळी फुटल्याशिवाय उतरवू द्यायची नाही. लंगोट आणि दुपटी खिडक्यांना वाळत घातलेली. सारनाथच्या आधी त्याला जुलाब लागले. एका दिवसात अकरा वेळा. मी प्रत्येक वेळ वहीत लिहून ठेवत होते. आई म्हणाल्या, “लिहून थांबते का वं ते?” आणि उठून ढाब्याच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. “भैया, जरा चावल नरम शिजाव ना, बच्चे का पेट बिघड्या.” त्या माणसाने काय समजायचं ते समजून पेज करून दिली. तिसऱ्या दिवशी बाळ बरं झालं. तुम्ही नर्स, तुम्हाला फोन करावा असं तेव्हा फार वाटलं. केला नाही. तुम्ही म्हणाला असता, मी सांगितलं होतं ना. आणि ते बरोबरच असतं.

सोनौलीला, नेपाळच्या सीमेवर, बाळाचा कागद चालला नाही आणि आईंचा गुडघा सुजला होता, हे मी मागच्या पत्रात लिहिलं आहे. त्यात वेगळं काही नाही.

तुमची
मंजुश्री


धामणगाव बढे
रविवार, २२ मार्च २०२६

ताई, जय भीम.

आठ मार्चच्या पत्रात शेवटी मी लिहिलं की त्यात वेगळं काही नाही. आहे.

‘कागद चालला नाही’ म्हटलं की कोणीतरी कागद पाहिला आणि नाही म्हटलं, असा अर्थ होतो. कागद कोणी पाहिलाच नाही.

माझ्या माहेरची एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. माझ्या आईबापाला सही येत नाही. बारावीनंतर मी माझा जातीचा दाखला, ओरिजनल, एका ऑफिसात बाबूच्या हातात दिला. तो हरवला. त्या बाबूंनी सांगितलं, तू दिलाच नाही. माझे वडील, गुलाबराव, मजुरी बुडवून सात वेळा तालुक्याला गेले. आठव्या खेपेला नवीन दाखला मिळाला तेव्हा येताना त्यांनी बाजारातून पत्र्याची एक पेटी आणली. तेव्हापासून ओरिजनल पेटीत आणि झेरॉक्स पिशवीत, असा आमच्या घरचा कायदा आहे. बाबांना वाचता येत नाही, पण कोणता कागद कोणता, ते शिक्क्याच्या रंगावरून ओळखतात. लग्नात ती पेटी त्यांनी माझ्यासोबत पाठवली. तुम्ही तेव्हा हसून विचारलं होतं, मंजुश्री, दागिने आहेत का यात? मी हो म्हटलं होतं.

संघर्षचा जन्मदाखला त्या पेटीत आहे. सहलीला निघताना मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, तिन्ही साक्षांकित करून घेतल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या. ओरिजनल नेपाळला न्यायचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. इतक्या दूर ओरिजनल कोण नेतो?

सोनौलीला आम्ही एका लॉजवर सामान ठेवलं. बसमध्ये चढायच्या आधी प्रेमानंद सर ओरडून सांगत होते, “आपापलं मतदान कार्ड हातात. ओरिजनल. झेरॉक्स दाखवू नका.” मी पिशवी उघडली आणि तिन्ही झेरॉक्स उलटसुलट करून पाहिल्या. सरांना म्हटलं, बाळाचा ओरिजनल घरी आहे. सर म्हणाले, “बहुतेक काही होत नाही. आईबाप सोबत असले की चालतं. पण मी काही लिहून देऊ शकत नाही.” ताई, मला ‘लिहून देऊ शकत नाही’ एवढंच ऐकू आलं. पलीकडे गेल्यावर अडवलं तर? लेकरू कोणाचं म्हणून विचारलं तर? माझ्यापायी सगळी बस खोळंबली तर?

मी आईंना म्हटलं, तुम्ही जा, मी याला घेऊन थांबते.

आई म्हणाल्या, “मी जाऊन काय करू वं? तिथं पाट्या हाय, कायकाय लिहेल हाय. मले एक अक्षर येत नाही. मी दगड पाहीन आन् येऊन दगडच सांगीन. तू जाय. तू पाह्यशीन तं गावातल्या समद्या बायाइले पाहिल्यासारखं होईन.”

मी म्हटलं, हा अंगावर पितो, भूक लागली तर?

“आताच पेला ना? झोपला बी. सर, किती टाइम लागन?”

सर म्हणाले, “तीन घंट्यात वापस.”

“हे पाह्य, तीन घंटे. आन् माह्या गुडघा बी आज बोलून राह्यला.” असं म्हणून त्यांनी बाळाला माझ्या खांद्यावरून उचलून आपल्या खांद्यावर टाकलंसुद्धा.

गुडघा सुजलेला नव्हता. आदल्या रात्री मीच तेल लावलं होतं.

बस निघाली. मोठ्या कमानीपाशी थांबली. एक माणूस चढला, पुढच्या चार-पाच जणांची कार्डं पाहिली, सरांशी दोन शब्द बोलला आणि उतरला. मागे मधल्या सीटपर्यंत तो आलाच नाही. खिडकीतून मला दिसत होतं, बाया कडेवर लेकरं घेऊन चालत पलीकडे जात होत्या. एकीच्या हातात भाजीची पिशवी होती. आपल्याकडे बाजाराला जातात तशा. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

तेव्हाच मला कळलं. ‘सर, बस थांबवा’ म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग वाटलं, लॉजवर जाऊन दोघांना घेऊन यायला अर्धा तास, सगळे काय म्हणतील. बस पुढे गेली.

तुम्ही म्हणालात मी आईंची जागा घेतली. तुम्हाला पूर्ण माहिती नसतानाही ते खरं निघालं. आईंना कोणी अडवलं नव्हतं. मीच अडवलं.

रवींना मी हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे. तुम्ही आधीच रागावलेल्या आहात, म्हणून असेल.

मंजुश्री


धामणगाव बढे
रविवार, ५ एप्रिल २०२६

ताई,

तुमचा मेसेज रवींच्या फोनवर आला. रवींनी मोठ्याने वाचला: “मंजुश्रीला विचार, आई सांगते काच माठासारखी थंड होती. खरंच होती का?” वाचून म्हणाले, “ताई हे काय विचारून राह्यली वं?” मी म्हटलं, मी पत्रात लिहीन.

माठासारखी थंड, हे मी आईंना कधीच सांगितलेलं नाही. जनकामावशींनी काचेचं सांगितल्यावर ते आईंनी स्वतःच मनाने घातलं असेल.

काच थंड होती का गरम, मला माहीत नाही. मी काचेला हात लावला नाही. मी आत गेलेच नाही.

आता सगळं लिहिते.

रस्त्यात फार गाड्या होत्या. तीन तास तर पोचायलाच लागले. गाड्या उभ्या करतात तिथून सगळे रांगेने निघाले, सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. मी रांगेत शेवटून तिसरी होते. कुठेतरी, कोणाचं ते दिसलं नाही, एक तान्हं बाळ रडलं. आणि माझं दूध उतरलं. पांढरी साडी, ब्लाउज, वरचा स्वेटर, सगळं ओलं. पुढे जनकामावशी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, आपली शाल काढून माझ्यावर टाकली आणि म्हणाल्या, “बसमधी जाय, पिळून ये. मंग ये हळूहळू. मी हाय आतमधी.” मी परत फिरले.

बसमध्ये कोणी नव्हतं. झोळी तशीच बांधलेली होती. मी तिच्याजवळ बसले आणि स्टीलच्या ग्लासात दूध काढलं. काठोकाठ भरला. तो ग्लास हातात घेऊन मी किती वेळ बसले सांगता येत नाही. पलीकडे तो उपाशी असणार, आणि इकडे ग्लास भरलेला. शेवटी खाली उतरून एका झाडाच्या बुंध्याशी ओतला.

त्यानंतर जाता आलं असतं. वेळ होता. आतून वंदनेचा आवाज येत होता, आपल्याच माणसांचा, उत्तमरावांचा मोठा आवाज वेगळा ओळखू येत होता. मी बसच्या पायरीपर्यंत दोनदा आले. आई त्या लॉजच्या ओट्यावर बसल्या असताना, माझ्या चुकीमुळे बसल्या असताना, मी आत जाऊन हात कसे जोडू, असं वाटलं. पाय निघाले नाहीत. आता विचार केला की हे मला फार मूर्खपणाचं वाटतं. आईंनी मला पाहायला पाठवलं होतं. न जाऊन मी त्यांना काय दिलं? त्यांचंही गेलं, माझंही गेलं.

सगळे परत आले तेव्हा मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. जनकामावशींना वाटलं, मी दुसऱ्या रांगेतून जाऊन आले. “झालं दर्शन?” मी मान हलवली. खोटं तिथे सुरू झालं. तोंडाने नाही, मानेने.

सोनौलीला परत पोचायला सहा तास वीस मिनिटं झाली होती. आई लॉजवर नव्हत्या. त्या कमानीपाशी उभ्या होत्या, लेकरू खांद्यावर. त्याचा आवाज बसला होता रडून रडून. “चार चमचे पेज खाल्ली त्यानं,” त्या म्हणाल्या. “मंग आयकेच ना. मंग इकडं आणलं, गाड्या दाखवाले. म्हटलं, पाह्य, तुही माय त्या रस्त्यानं येईन.”

ताई, त्या तिथे दुपारभर उभ्या होत्या. त्यांच्या समोरून बाया लेकरं घेऊन जात-येत होत्या. आईंना लिहितावाचता येत नाही, पण त्या सगळ्यांपेक्षा जास्त पाहतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा माहीत आहे. कागद कोणी विचारत नाही हे त्यांना माझ्याइतकंच कळलं असणार. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. अजूनपर्यंत नाही.

लॉजच्या खोलीत मी बाळाला पाजायला घेतलं. आई समोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “हं. सांग आता.” आणि डोळे मिटून घेतले.

त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. त्यांचा चेहरा तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही सांगू शकला नसता, असं लिहिणार होते. पण तुम्ही सांगितलं असतं.

सरांनी वाटलेली माहितीची पुस्तिका मला पाठ झाली होती. मी अशोकाचा स्तंभ सांगितला, पुष्करिणी सांगितली, झाडाला बांधलेल्या रंगीत पताका सांगितल्या. आई म्हणत होत्या, “हाव... हाव...” मग दगड सांगितला. तिथे पुस्तिकेत एकच ओळ होती. मला वाटलं एवढं कमी पडेल. म्हणून म्हटलं, मी त्याला हात लावला.

आईंनी डोळे उघडले. “कोन्ता हात?”

मी म्हटलं, उजवा.

त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आपल्या डोळ्यांना लावला, आधी एका, मग दुसऱ्या. मग बाळाच्या डोक्यावर ठेवला आणि धरून राहिल्या. म्हणाल्या, “झालं माह्यं. माह्यं झालं बाप्पा.”

ताई, याची दुरुस्ती कशी करतात, मला माहीत नाही.

मंजुश्री


धामणगाव बढे
रविवार, १९ एप्रिल २०२६

ताई, जय भीम.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. तुमच्या हातचं पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. पोस्टमन म्हणाला, आजकाल बँकेशिवाय कोणाचं येत नाही, तुमचं आलं. मी ऑफिसातच फोडलं, मग बंद केलं, मग घरी येऊन वाचलं.

तुम्ही लिहिलं आहे: “आईला सांगू नकोस. ती आनंदात आहे, तिला राहू दे. पेशंटलासुद्धा आम्ही सगळं लगेच सांगत नाही. मी आता रागावलेली नाही.” आणि त्याखाली: “संघर्षचं वजन किती आहे?”

वजन अंगणवाडीत दहा तारखेला केलं. सात किलो नऊशे ग्रॅम. जुलाबात जेवढं गेलं होतं तेवढं भरून आलं आहे. खालचे दोन दात आले आहेत. आईंना चावतो. त्या म्हणतात, “आत्यावर गेला.”

‘रागावलेली नाही’ ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुमचं ऐकावं असं मला फार वाटलं. इतकं सोपं होतं ते. तुमची परवानगी मिळाली, आता गप्प बसलं की झालं. दोन दिवस मी खरंच ठरवलं होतं, नाही सांगायचं. पण मागच्याच मंगळवारी जयंतीच्या मिरवणुकीत जे पाहिलं होतं ते डोळ्यांसमोरून हटत नव्हतं. ते सांगते, मग तुम्हीच पाहा.

आई आणि जनकामावशी चाळीस वर्षं बरोबर निंदणाला गेल्या. जयंतीला त्या दोघी नेहमी एकमेकींचा हात धरून चालतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. यंदा आई पुढे चालत होत्या, एकट्या, गुडघ्यावर हात ठेवून. मावशी बायांच्या मागच्या ओळीत. चौकात मावशी पुढे आल्या आणि आईंच्या दंडाला धरलं. “चांगुणे, चाल, धर मले.” आईंनी हात झटकला. म्हणाल्या, “तू माह्या सुनेले खोटी म्हनतं. तुह्या हात धरून मी चालू?” मावशी म्हणाल्या, “मी कुठी खोटी म्हनलं वं? काच हाय एवढंच म्हनलं.” आई म्हणाल्या, “काच बी सांगतली तिनं मांगून. तवाच तुह्या तोंडावर हासू होतं. मी पाह्यलं.” मावशी तिथेच उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्यावर शाल टाकली होती, हे त्या मला आठवण करून देत नव्हत्या, पण मला आठवलं.

मी बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पुढे चालू लागले.

आईंचा आनंद राहू दे, असं तुम्ही म्हणता. पण त्या आनंदापायी त्यांनी मावशींना सोडलं आहे. एक तारखेला बुद्धपौर्णिमा आहे. विहार समितीने ठरवलं आहे की संध्याकाळी आईंनी उभं राहून लुंबिनीचं सांगायचं, त्यांना छान सांगता येतं म्हणून. आई रोज चुलीपाशी तयारी करतात. त्यांचं सांगणं माझ्या पुस्तिकेपेक्षा किती चांगलं आहे म्हणून सांगू! त्या सांगतात की तिथे गेल्यावर माणसाला आपली आई आठवते. हे मी सांगितलेलं नाही. त्या दिवशी समोर मावशी बसलेल्या असतील, आणि आई त्यांच्याकडे पाहून माझ्या उजव्या हाताबद्दल सांगतील. आणि मावशी गप्प बसतील, हेही मला माहीत आहे.

दर रविवारी विहारात पंचशील मीच आधी म्हणते आणि बाया माझ्यामागे म्हणतात. दोन महिने झाले, चौथ्या शीलाला माझा आवाज खाली जातो. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं ते शील. मागच्या रविवारी एकीने विचारलं, घसा बसला का वं?

पेटीचं आणि कागदाचं आईंनी मला न विचारताच पोटात घातलं. मी आत गेले नाही, हे मात्र त्यांना माहीत नाही असं मला वाटतं. कदाचित असेलही. पण माहीत असेल म्हणून मी न सांगणं, यात मी पुन्हा माझं ओझं त्यांच्याच खांद्यावर टाकते. त्या दिवशी बाळ टाकलं तसं. बाळ निदान त्यांनी स्वतःहून उचलून घेतलं होतं.

परत लुंबिनीला जायचं का, कोणी कोणी जायचं, हे मी ठरवणार नाही. ते आई ठरवतील, रागातून उतरल्यावर. मी फक्त सांगायचं ठरवलं आहे.

एक भीती आहे, ती तुम्हाला सांगते, कारण तीत तुमचं काम आहे. आई माझ्यावर रागावणार नाहीत. “जाऊ दे वं” म्हणतील, बाळाला उचलून अंगणात जातील, आणि मग काही दिवस जेवण कमी होईल, एवढंच मला दिसेल. माझ्याजवळ त्यांना रागावता येत नाही. तुमच्याजवळ येतं. म्हणून सांगून झालं की मी त्यांना तुमचा नंबर लावून फोन हातात देईन आणि संघर्षला घेऊन बाहेर निघून जाईन, म्हणजे त्यांना मोठ्याने बोलता येईल. मी ऐकणार नाही. तुम्ही तेवढा फोन उचला. त्या मला काय काय म्हणतात ते सगळं म्हणू द्या. माझी बाजू घेऊ नका.

तिथून मी जनकामावशींकडे जाणार आहे. विहारात वंदना सहाला असते, त्याच्या आत त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं.

हे पत्र उद्या सोमवारी टाकते. पाच दिवस धरले तर शनिवारपर्यंत तुम्हाला मिळेल. तुमची सुटी रविवारी असते, रवी दुपारी ड्युटीवर असतात, आणि जेवण झालं की संघर्ष तासभर झोपतो. तेव्हा आई ओसरीवर भाजी निवडत बसतात. मी समोर बसेन.

रविवार, २६ एप्रिल. दुपारी दोन वाजता.

तुमची
मंजुश्री